आल्प्समध्ये स्की करताना जेवायचं कुठे? झेरमाटला निघालेल्यांचे नेहमीचे प्रश्न

झ्युरिक, म्युनिक, लंडनला राहणारी मराठी कुटुंबं आता हिवाळ्यात मुलांना घेऊन स्कीला जातात, आणि त्यांच्यामागोमाग पुण्या-मुंबईहून भाऊ-वहिनी, आई-बाबाही येतात. बॅगा भरताना सगळे हातमोजे, जाकीट आणि विमा यांची चौकशी करतात. जेवणाचा विषय मात्र निघतो तो पहिल्या दिवशी दुपारी साडेबाराला, मुलं भुकेने रडायला लागल्यावर, अडीच हजार मीटर उंचीवर. तेव्हा उत्तर शोधायला उशीर झालेला असतो. खालचे प्रश्न आम्हाला पुन्हा पुन्हा विचारले जातात. उदाहरण मुख्यतः स्वित्झर्लंडमधल्या झेरमाटचं घेतलं आहे, कारण तिथे एकाच डोंगराच्या दोन अंगांना दोन देशांची स्वयंपाकघरं आहेत. ऑस्ट्रिया, फ्रान्स आणि इटलीतल्या डोलोमाइट्स डोंगरांबद्दल शेवटी थोडं लिहिलं आहे.

स्कीच्या उतारावर खरोखर हॉटेलं असतात का? की जेवायला खाली गावात यावं लागतं?

असतात, आणि भरपूर असतात. खाली यायची गरज नाही. ढोबळमानाने तीन प्रकार. लिफ्टच्या मोठ्या स्टेशनांवर सेल्फ-सर्व्हिस: ट्रे घ्या, रांगेत लागा, काउंटरवर पैसे द्या. दुसरी, टेबलावर वाढणारी डोंगरातली रेस्टॉरंटं. जर्मन भाषिक भागात त्यांना बेर्गरेस्टॉरंट म्हणतात. ही बहुतेक जुन्या लाकडी घरांत असतात. तिसरा प्रकार म्हणजे उताराच्या अगदी कडेला उभे असलेले बार, जिथे खाण्यापेक्षा पिणं आणि गाणी जास्त. एकाच इमारतीत खाली सेल्फ-सर्व्हिस आणि वर टेबल-सर्व्हिस असंही पुष्कळदा दिसतं. त्यामुळे दारातली गर्दी पाहून लगेच माघारी फिरू नका.

मग निवडायचं कसं? रेटिंग बघून?

रेटिंग दुसऱ्या क्रमांकावर. आधी नकाशा बघा. गावात आपण रस्त्याने हॉटेलात जातो आणि त्याच रस्त्याने परत येतो. उतारावर तसं नसतं. हॉटेलापर्यंत घसरत जाता येतं, पण तिथून निघायचं तर पुढचा उतार कोणता, खाली कोणती लिफ्ट आहे आणि ती कुठे नेते, यावर तुमची उरलेली दुपार अवलंबून असते. नवशिक्याला सर्वोत्तम रेस्टॉरंटात नेलं आणि तिथून बाहेर पडायला फक्त काळा उतार असला, तर त्या जेवणाचं कौतुक कोण करणार?

तर क्रम असा ठेवा: तुमच्यातला सर्वांत कच्चा स्कीअर कोणता उतार उतरू शकतो ते बघा (युरोपात निळा सोपा, लाल मध्यम, काळा अवघड), त्या उतारावरची दोन-तीन ठिकाणं काढा, त्यांपैकी कुठून संध्याकाळी मुक्कामी परतणं सोपं आहे ते तपासा, आणि मगच मेन्यू उघडा. हे सकाळी नाश्त्याला पाच मिनिटांत होतं. दुपारी, वाऱ्यात, हातमोजे काढून फोनवर होत नाही.

झेरमाटला नेमकं कुठे जायचं?

झेरमाट साधारण १६०० मीटर उंचीवर आहे आणि तिथे पेट्रोलवर चालणाऱ्या खासगी गाड्यांना प्रवेश नाही. गाडीने आलात तर ती खालच्या टेश गावात ठेवून छोट्या रेल्वेने वर यायचं. वर स्कीचे तीन भाग आहेत: सुनेगा-रोटहॉर्न, गोर्नरग्राट, आणि मॅटरहॉर्न ग्लेशियर पॅराडाइज-श्वार्झझे. तीन भागांतल्या जेवणाचा स्वभाव वेगवेगळा आहे.

खाण्यासाठीच जायचं असेल तर सुनेगाकडे जा. गावातून बोगद्यातली फ्युनिक्युलर (दोराने ओढली जाणारी रेल्वे) काही मिनिटांत २२८८ मीटरवर सुनेगाला पोचवते. तिथून थोडं खाली फिंडेल्न नावाची वाडी आहे: उन्हाने काळी पडलेली जुनी लाकडी घरं, दगडी पायांवर उभी असलेली धान्याची कोठारं, आणि समोर ४४७८ मीटरचा मॅटरहॉर्न. या एवढ्याशा वाडीत झेरमाटची सर्वांत नावाजलेली रेस्टॉरंटं एकवटली आहेत. शे व्रोनी सर्वांत प्रसिद्ध. तिथलं सुकवलेलं मांस आणि चीज घरचं, आणि बर्गरचं तर नाव सगळ्यांच्या तोंडी. फिंडलरहोफ आणि आडलर हिटा हीही जवळच. ऊन असेल तेव्हा इथल्या गच्चीवर बसायला मिळणं हे नशिबाचं काम नाही, आगाऊ आरक्षणाचं काम आहे. माझं मत विचाराल तर फिंडेल्नला सुट्टीतून एकदाच जावं, पण पूर्ण दुपार काढून जावं. घाईत जायचं असेल तर इतके पैसे घालवण्यात अर्थ नाही.

त्याच बाजूला थोडं वर, २६१६ मीटरवर फ्लूआल्प आहे. तिथे दुपारी बऱ्याचदा बाहेर गाणी-वाद्यं चालू असतात. वातावरण मोकळं, मेन्यू साधा आणि भरपेट.

गोर्नरग्राटची बाजू रेल्वेची. १८९८ मध्ये सुरू झालेली दातेरी रुळांची ही गाडी झेरमाटहून ३०८९ मीटरपर्यंत जाते. वाटेत रिफेलआल्प आणि रिफेलबर्ग ही स्टेशनं आहेत, दोन्हीकडे जेवणाची सोय. सर्वांत वर दगडी कुल्महॉटेल. तिथून दिसणाऱ्या हिमनद्यांची तोड नाही, जेवण ठीक.

तिसऱ्या भागात, म्हणजे हिमनदीच्या बाजूला, ट्रॉकनर श्टेग (२९३९ मीटर) आणि सर्वांत वर ३८८३ मीटरचं मॅटरहॉर्न ग्लेशियर पॅराडाइज इथे सेल्फ-सर्व्हिस आहे. सोय म्हणून उत्तम. पण पहिल्याच दिवशी ३८८३ मीटरवर तळलेले बटाटे आणि बिअर घेऊन बसू नका. त्या उंचीवर जिना चढतानाही धाप लागते, आणि भरल्या पोटी डोकं दुखायला लागलं की दुपार वाया जाते. वर जा, फोटो काढा, सूप प्या आणि खाली येऊन जेवा.

परतीच्या वाटेवर, फुरी या लिफ्ट स्टेशनहून गावाकडे येणाऱ्या उतारावर त्सुम झे ही आणखी एक वाडी लागते. तिथलं त्याच नावाचं रेस्टॉरंट घरच्यासारखं छोटं आहे आणि गोड पदार्थांसाठी ओळखलं जातं. जेवण दुसरीकडे करून इथे फक्त कॉफी आणि गोड खायला थांबणारे जाणकारही आहेत, पण जागा मिळाली तरच.

इटलीत जाऊन जेवता येतं म्हणतात, ते खरं आहे का?

खरं आहे, आणि झेरमाटची सर्वांत मोठी गंमत हीच आहे. हिमनदीवरून टेओडूल खिंडीजवळ सीमा ओलांडली की तुम्ही इटलीच्या आओस्टा खोऱ्यात, चेर्विनिया गावाच्या उतारांवर असता. इकडे मॅटरहॉर्न, तिकडे त्याच डोंगराचं नाव चेर्विनो. फ्रँक जातात, युरो येतात आणि बिल एकदम हलकं होतं. एस्प्रेसो खऱ्या अर्थाने एस्प्रेसो असते. मेन्यूत पोलेंटा येतो, म्हणजे मक्याच्या रव्याचा घट्ट लगदा. त्यात फोंटिना चीज आणि लोणी घातलं की पोलेंटा कोंचा. फोंटिना याच खोऱ्याचं. थंडीत याच्याइतकं पोटाला धरणारं शाकाहारी जेवण आल्प्समध्ये विरळाच. खिंडीत ३३०० मीटरच्या वर रिफुजो टेओडूलो (रिफुजो म्हणजे डोंगरातलं विश्रामगृह) आहे, आणि खाली प्लान मेझोंच्या परिसरात शाले एत्वाल हे नावाजलेलं ठिकाण.

पण चार गोष्टी आधी नीट करा.

पास: झेरमाटचा साधा लिफ्ट पास इटलीत चालत नाही. आंतरराष्ट्रीय पास किंवा त्या दिवसापुरता वाढीव पास लागतो.

विमा: इटलीच्या उतारांवर १ जानेवारी २०२२ पासून दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई देणारा विमा सक्तीचा आहे. तो नसेल तर पास घेतानाच दिवसाचा विमा विकत मिळतो.

कागद: दोन्ही देश शेंगेनमध्ये असल्याने वेगळा व्हिसा लागत नाही. तरी पासपोर्ट किंवा रहिवासी कार्ड खिशात हवंच.

वेळ: हे सर्वांत महत्त्वाचं. झेरमाटला परतायचं म्हणजे लिफ्टने पुन्हा खिंडीच्या उंचीवर चढायचं. त्या लिफ्ट दुपारी लवकर बंद होतात. शेवटची वेळ रोज सकाळी फलकावर लिहिलेली असते, ती फोनमध्ये टिपून घ्या. वर वारा सुटला तर लिफ्ट वेळेआधीही थांबतात. मग चेर्विनियात मुक्काम, किंवा आओस्टा आणि ग्रेट सेंट बर्नार्ड बोगद्यामार्गे काही तासांचा, खिसा रिकामा करणारा टॅक्सीप्रवास. म्हणून इटलीत जेवायचं तर साडेअकराला टेबलावर बसा आणि एकला उठा. दुसऱ्या ग्लास वाइनचा मोह तिथे नको.

२०२३ च्या उन्हाळ्यात क्लाइन मॅटरहॉर्न (म्हणजे मॅटरहॉर्न ग्लेशियर पॅराडाइजचं शिखर) आणि सीमेवरचं टेस्टा ग्रिजा यांच्यामध्ये नवी केबलकार सुरू झाली. त्यामुळे स्की न करणाऱ्यांनाही आता केबलकारने इटलीत जाऊन जेवून येता येतं. वाऱ्याचा नियम त्यांनाही लागू.

आई-बाबा स्की करणार नाहीत. दुपारी सगळ्यांना एकत्र जेवता येईल का?

येईल, फक्त भेटायची जागा स्टेशनला लागून असलेली निवडा. सर्वांत बिनघोर म्हणजे गोर्नरग्राटची रेल्वे: आई-बाबा गाडीत बसून, खिडकीतून डोंगर बघत रिफेलबर्गला किंवा थेट वर येतील, तुम्ही घसरत पोचाल. सुनेगाची फ्युनिक्युलरही सोपी आहे. वर स्टेशनातच रेस्टॉरंट आणि गच्ची.

फिंडेल्नला सुनेगाहून चालत जाता येतं आणि फुरीहून त्सुम झेला. हिवाळ्यात या वाटा दाबून ठेवलेल्या असतात, तरी बर्फ तो बर्फच. गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांना नेऊ नका, आणि इतरांना बुटावर चढवायचे रबरी काटे घेऊन द्या. गावातल्या खेळाच्या दुकानांत मिळतात. फिंडेल्नहून परत सुनेगाला यायला चढ आहे, हेही आधी सांगून ठेवा. जेवणानंतरचा चढ आईला आवडणार नाही.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहावं लागेल का?

उपाशी नाही, पण चीज आणि बटाटा यांची सवय ठेवा. स्वित्झर्लंडच्या डोंगरात हमखास मिळणारे पदार्थ म्हणजे रोस्टी (किसलेल्या बटाट्याची परतून खरपूस केलेली चकती), राक्लेट (वितळवलेलं चीज, उकडलेले छोटे बटाटे, काकडीचं आणि कांद्याचं लोणचं), फोंड्यू (वितळवलेल्या चीजमध्ये पावाचे तुकडे बुडवून खायचे), केझेश्निटे (चीज घालून भाजलेला पाव) आणि आल्प्लरमाग्रोनेन. शेवटचा पदार्थ मॅकरोनी, बटाटा, साय आणि चीज एकत्र करून वर तळलेला कांदा घालून देतात आणि सोबत सफरचंदाचा मुरंबा. ऐकायला विचित्र, खायला फार छान.

फसगत कुठे होते ते सांगतो. रोस्टीत आणि आल्प्लरमाग्रोनेनमध्ये बेकनचे तुकडे असू शकतात, मेन्यूत लिहिलेले असोत वा नसोत. जवाच्या सूपला, म्हणजे गेर्श्टेनझुप्पेला, नावात फक्त जव असतात. भांड्यात बहुधा मांसही असतं. भाजीच्या सूपचं पाणी हाडांच्या अर्काचं असू शकतं. ऑस्ट्रियातल्या क्न्योडलमध्ये, म्हणजे पावाच्या गोळ्यांमध्ये, श्पेक नावाचं डुकराचं मांस घालायची पद्धत आहे. मात्र पालकाचे आणि चीजचे क्न्योडलही मिळतात. तेव्हा ‘व्हेजिटेरियन आहे का’ एवढं विचारून थांबू नका. ‘ओहने फ्लाइश, ओहने श्पेक, ओहने फिश’ असं तिन्ही म्हणा: मांस नको, बेकन नको, मासे नकोत. सूप मागवताना अर्क कशाचा तेही विचारा.

कडक शाकाहारी असाल तर चीजचाही प्रश्न आहे. ग्रुयेर आणि पार्मेजानसारखी संरक्षित नावांची चीज परंपरेच्या नियमाप्रमाणे वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. स्विस फोंड्यूत ग्रुयेर जवळजवळ असतंच. हे चालत नसेल तर टोमॅटोचा पास्ता, सॅलड, चिप्स आणि चीज नसलेला टोमॅटोचा पिझ्झा एवढ्यावर भागवावं लागेल. अंडं चालत नसेल तर श्पेत्झले (पिठाचे छोटे उकडलेले तुकडे) आणि कायझरश्मार्न (गोड धिरड्याचे तुकडे) वगळा. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी डोंगरावर अवलंबून न राहता स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्यावं, हेच खरं.

संकष्टी किंवा महाशिवरात्र स्कीच्या आठवड्यात आली. रोस्टी उपवासाला चालेल?

रोस्टी म्हणजे दिसायला आपला बटाट्याचा कीसच, फक्त शेंगदाण्याचं कूट नसलेला. घटक बघितले तर बटाटा, लोणी, मीठ. पण तीच कढई दिवसभर बेकन आणि अंड्यांसाठी वापरलेली असते, आणि काही ठिकाणी बटाटा डुकराच्या चरबीत परततात. ‘लोण्यातच करा’ म्हणून सांगता येतं. कढईबद्दल तुमच्या घरचं शास्त्र काय म्हणतं ते तुम्ही ठरवा.

फोंड्यूत दारू असते का?

असते. चीज पांढऱ्या वाइनमध्ये वितळवतात आणि बहुतेक ठिकाणी किर्श नावाची चेरीची दारूही घालतात. शिजवताना सगळी उडून जात नाही. केझेश्निटेचा पावही बऱ्याचदा वाइनमध्ये भिजवलेला असतो. मुलांसाठी किंवा दारू वर्ज्य असणाऱ्यांसाठी राक्लेट घ्या. त्यात नुसतं चीज वितळवतात. शिवाय झेरमाट ज्या व्हाले प्रांतात आहे तो राक्लेटचाच प्रांत, त्यामुळे ते तिथेच खावं.

एक वैयक्तिक मत: फोंड्यू दुपारी खाऊच नये. त्यानंतर स्की करणारा माणूस मी पाहिलेला नाही, ऊन खात झोपलेले मात्र पुष्कळ पाहिले आहेत.

खर्च किती येतो? एवढं महाग का?

झेरमाटच्या सेल्फ-सर्व्हिसमध्ये सूप-पाव साधारण १२ ते १५ फ्रँक, रोस्टी किंवा पास्ता २५ ते ३०. नावाजलेल्या टेबल-सर्व्हिस रेस्टॉरंटात मुख्य पदार्थ ४० च्या पुढे सहज जातो. फ्रँक शंभर रुपयांच्या वर आहे, तेव्हा चौघांचा हिशेब मनातल्या मनात करा आणि मग मोठ्याने बोलू नका.

महागाईला कारणं आहेत. बटाट्यापासून गॅसपर्यंत सगळं केबलकारने किंवा रात्री पट्ट्यांच्या बर्फगाड्यांनी वर जातं, काही ठिकाणी हेलिकॉप्टरने. कचरा आणि सांडपाणी खाली आणावं लागतं. स्विस पगार मोठे. आणि वर्षाचं उत्पन्न मोजक्या महिन्यांत काढायचं असतं. तरीही काही ठिकाणी फक्त देखाव्याचे पैसे लावतात, हेही खरं.

वाचवायचं असेल तर मुक्कामाच्या ठिकाणी भरपूर नाश्ता, अकराला एक कॉफी, आणि दुपारी फक्त सूप. मोठं जेवण संध्याकाळी गावात. सुट्टीतल्या सगळ्या दुपारी टेबल-सर्व्हिसमध्ये घालवण्यापेक्षा एकच दुपार निवडा.

घरून डबा नेला तर चालतो का?

चालतो, बाहेर. उताराच्या कडेला बाकं असतात, आणि काही लिफ्ट स्टेशनांवर डबा खायची खोली असते. फ्रान्समध्ये तिला ‘साल ऑर-साक’ म्हणतात. रेस्टॉरंटच्या टेबलावर मात्र आपला डबा उघडू नका, एक चहा मागवला असला तरी. तसे फलक लावलेले असतात, आणि नसले तरी त्यांना ते खपत नाही.

काय न्यावं? थंडीत पोळी कडक होते आणि भाजी गोठते. दशम्या, धपाटे, तीळ-गुळाच्या वड्या, डिंकाचे लाडू, खाकरा, सुकामेवा हे टिकतं. पाठीवरच्या पिशवीपेक्षा जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवलं तर मऊ राहतं. चॉकलेट सगळे सुचवतात, पण उणे दहामध्ये ते दगड होतं, लाडू बरा. लिफ्टवरून कागद खाली टाकू नका. वसंतात बर्फ वितळला की सगळा कचरा कुरणांवर दिसतो, आणि तीच कुरणं पुढे गाई चरतात.

भारतातून येणाऱ्यांसाठी एक सूचना: युरोपीय संघात आणि स्वित्झर्लंडमध्ये बाहेरच्या देशांतून प्रवाशांना मांस, दूध आणि त्यांचे पदार्थ आणता येत नाहीत. तूप, पनीर, खवा घरीच ठेवा. लाडवातलं तूप कस्टमवाला शोधेल का, हा प्रश्न आम्हाला विचारू नका. झेरमाटच्या सुपरमार्केटात लोणी मिळतं, लाडू इथे वळा.

पिण्याचं पाणी फुकट मिळतं का?

फ्रान्समध्ये जेवणासोबत नळाच्या पाण्याची सुरई मागितली की फुकट देतात: ‘ऊन काराफ दो’ म्हणा. स्वित्झर्लंडमध्ये तसं बंधन नाही. डोंगरावर नळाच्या पाण्याचेही पैसे लावतात किंवा बाटलीच देतात. इटलीत बाटली गृहीत धरा. बाटली भरून न्या आणि तहान लागायची वाट न बघता घोट घोट प्या. कोरड्या, उंच हवेत अंगातलं पाणी नकळत कमी होतं. स्वित्झर्लंडमध्ये रिवेला नावाचं पेय जरूर चाखा. १९५२ पासून मिळणारं हे पेय दुधाच्या निवळीपासून करतात, तरी चवीला दुधाचं मुळीच लागत नाही.

चहा कसा मिळतो?

वाईट. गरम पाण्याचा पेला आणि शेजारी पुडी. वर आणखी एक अडचण: उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, ३८८३ मीटरवर साधारण ८७ अंशांना, त्यामुळे चहा उतरतच नाही. ओव्होमाल्टिन (माल्टचं गरम पेय) किंवा गरम चॉकलेट घ्या. चहाचा थर्मास मुक्कामावरून भरून आणा.

आरक्षण किती आधी करावं?

फिंडेल्नसारख्या ठिकाणी नाताळ, नवं वर्ष आणि फेब्रुवारीच्या शाळांच्या सुट्ट्यांत काही आठवडे आधी. बाकी दिवसांत दोन-तीन दिवस. काही ठिकाणी बारा आणि दोन अशा दोन पंगती असतात. दुसरी घेतलीत तर उठताना लिफ्टची वेळ तपासा. हवामानामुळे जाता येत नसेल तर फोन करून कळवा, काही जण न आल्याचे पैसे कापतात. सेल्फ-सर्व्हिसला आरक्षण नसतं, तिथे साडेअकरा किंवा दोन या वेळा धरा. बारा ते दीडमध्ये सगळा डोंगर एकदम भुकेला असतो. त्या वेळी उतार मात्र रिकामे असतात, आणि ज्यांना स्की जास्त प्यारी त्यांना हे माहीत असतं.

लहान मुलांचं काय?

टोमॅटो पास्ता, चिप्स, श्निट्झल (मांसाचा तळलेला पातळ काप) सगळीकडे. स्की-शाळेत पूर्ण दिवस घातलं असेल तर जेवण फीमध्ये आहे का आणि शाकाहाराची नोंद घेतली का, ते नाव घालतानाच विचारा. सुनेगाजवळ मुलांसाठी वोल्ली पार्क आहे, तिथून रेस्टॉरंट आणि शौचालय दोन्ही जवळ. मुलांना सव्वाअकरालाच भरवा.

दुपारी एखादी बिअर किंवा वाइन घेतली तर?

एखादी घेणारे पुष्कळ असतात. पण उंचीवर चढते लवकर, आणि संध्याकाळच्या शेवटच्या उतारावर बर्फ उखडलेला, उजेड कमी, गर्दी जास्त. इटलीत नशेत स्की करायला कायद्याने बंदी आहे आणि दंड होतो. अपघात झाला आणि रक्तात दारू सापडली तर विमा कंपनीही हात वर करू शकते. झेरमाटला फुरीहून उतरताना हेन्नू श्टाल हा प्रसिद्ध बार लागतो; तिथे नाचून झाल्यावर उरलेला उतार स्कीवर करायचा की चालत, हे आत जाण्यापूर्वी ठरवलेलं बरं.

स्की कुठे ठेवायच्या? बूट काढायचे का?

स्की बाहेरच्या घोडीवर. जोडी फोडून एक इकडे, एक तिकडे ठेवा: चोरापेक्षाही सारख्याच भाड्याच्या स्की चुकून उचलणारे जास्त असतात. बूट काढू नका, फक्त वरची बक्कलं सैल करा. पाय सुजून परत आत न जाण्याची कटकट टळते. शौचालय बहुधा तळघरात, ओल्या जिन्याखाली असतं. ऑस्ट्रियात सेंट क्रिस्टोफच्या होस्पित्झ आल्म या रेस्टॉरंटात यावर चक्क घसरगुंडीचा उपाय केला आहे; खाली जायला घसरा, वर यायला जिना.

रात्रीचं जेवण डोंगरावर करता येतं का?

काही ठिकाणी, ठरावीक संध्याकाळी. नेण्या-आणण्याची सोय तेच करतात, किंवा स्लेजवरून खाली उतरवतात. एक गोष्ट कधीही करू नका: जेवून स्वतःच बंद उतारावरून स्की करत येणं. रात्री बर्फ सपाट करणारी यंत्रं चालू असतात आणि तीव्र उतारावर ती लांबलचक पोलादी दोरावर बांधलेली असतात. अंधारात तो दोर दिसत नाही, क्षणात ताणला जाऊन वर उसळतो, आणि यात माणसं मेली आहेत.

डोंगरावर भारतीय जेवण मिळेल का?

झेरमाटच्या उतारांवर ते गृहीत धरू नका. महाराष्ट्रातून सहलींच्या बसगाड्या जातात त्या टिटलिस आणि युंगफ्राऊयोखला. तिथे भारतीय पदार्थ मिळतात, युंगफ्राऊयोखला ३४५४ मीटरवर बॉलिवूड नावाचं रेस्टॉरंटही आहे. पण ते मुख्यतः उन्हाळी पर्यटकांसाठी. टिटलिसवर स्की होते, युंगफ्राऊयोख स्कीचा उतार नाही.

झेरमाट सोडून दुसरीकडे जायचं असेल तर?

ऑस्ट्रियात ह्युट्टे, म्हणजे लाकडी झोपड्या, पदोपदी. भाव स्वित्झर्लंडपेक्षा बरेच कमी, जेवण घसघशीत: केझश्पेत्झले (चीज घातलेले श्पेत्झले), आलुबुखाऱ्याचा गर भरलेला वाफाळता गेर्मक्न्योडल, तुकडे केलेला गोड कायझरश्मार्न. काही झोपड्या फक्त रोख घेतात. टेबलावर अनोळखी लोकांशेजारी बसायची पद्धत आहे, ‘इस्ट हिअर नोख फ्राय?’ विचारून बसा.

फ्रान्समध्ये तार्तिफ्लेत, म्हणजे बटाटा आणि रब्लोशों चीज. शाकाहारींनी जपून, त्यात बेकन असतंच. दुपारनंतर टेबलांवर चढून नाचायचं असेल तर व्हाल दीझेर गावाच्या उतारावरचा ला फोली दूस हा बार.

आणि नुसतं खाण्यासाठी स्की करायची असेल तर इटलीतल्या डोलोमाइट्समधलं आल्ता बादिया. तिथल्या रिफुजोंमध्ये नावाजलेल्या शेफांचे पदार्थ साध्या लाकडी टेबलावर मिळतात, आणि शाकाहारी माणसाला निवड करायची चैन असते. मला विचाराल तर पहिल्यांदा निघालेल्या शाकाहारी कुटुंबाने झेरमाटऐवजी इथेच जावं.

टिप किती द्यायची?

स्वित्झर्लंडमध्ये १९७४ पासून सेवाशुल्क किमतीतच धरलेलं आहे. ३८ चं बिल असेल तर ४० द्या, पुरे. ऑस्ट्रियात पाच ते दहा टक्के, आणि रक्कम पैसे देतानाच तोंडाने सांगायची, टेबलावर नाणी ठेवून जायची नाही. इटलीत बिलात माणशी ‘कोपेर्तो’ लावलेला दिसेल. तो पाव आणि टेबलाचा आकार असतो, चूक नसते, त्यावरून वाद घालू नका. सेल्फ-सर्व्हिसला टिप नाही, पण ट्रे उचलून जागेवर ठेवावा लागतो.